पीएचडीचा प्रबंध शेवटच्या वर्षी लिहायचा नसतो: नव्या संशोधकांसाठी उपयोगी सवयी आणि साधनं

पीएचडीला प्रवेश मिळाला की घरी पेढे येतात, व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस लागतो आणि नातेवाईक 'डॉक्टर कधी होणार?' असं विचारायला लागतात. पहिलं वर्ष कोर्सवर्क, कागदपत्रं आणि विषय पक्का करण्यात जातं. दुसरं वर्ष वाचनात आणि पुढची दोन माहिती गोळा करण्यात संपतात. पाचव्या वर्षी लक्षात येतं की कपाट झेरॉक्सने भरलंय, लॅपटॉप पीडीएफने भरलाय, पण प्रबंधाचं एकही प्रकरण तयार नाही.

हुशार आणि कष्टाळू विद्यार्थीही इथेच अडकतात. 'आधी सगळं वाचून घेऊ, मग काम करू आणि शेवटी लिहू' हा समज त्याचं एक मोठं कारण आहे. प्रत्यक्षात लिहिणं पहिल्या आठवड्यापासूनच सुरू करावं लागतं. त्यासाठी लागणारी बहुतेक साधनं फुकट मिळतात. ती कोणती आणि कशी वापरायची, ते पाहूया.

घड्याळ कधी सुरू होतं?

भारतात पीएचडीचे किमान नियम विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणजे यूजीसी ठरवतं. सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये लागू झाले. त्यानुसार पीएचडीचा कालावधी कोर्सवर्क धरून कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षांचा आहे. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळू शकतात. महिला आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त अपंगत्व असलेल्या संशोधकांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत देता येते. पूर्ण कालावधीत महिलांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजाही मिळू शकते.

ही वर्षं प्रवेशाच्या तारखेपासून मोजली जातात, विषय मंजूर झाल्याच्या तारखेपासून नाही. शिवाय यूजीसीची जेआरएफ आणि एसआरएफ मिळून फेलोशिप ५ वर्षांचीच असते. म्हणजे सहाव्या वर्षी काम चालू असलं तरी महिन्याचे पैसे थांबलेले असतात. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी करणाऱ्यांना तर आधीच वेळ कमी असतो.

मार्गदर्शकांशी सुरुवातीला काय ठरवावं?

गाईडशी पहिल्या महिन्यातच तीन गोष्टी स्पष्ट बोलून घ्याव्यात: भेट किती दिवसांनी होणार, लिहिलेलं कागदावर द्यायचं की फाईल पाठवायची, आणि शेरे मिळायला साधारण किती दिवस लागतील. प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी 'आज काय ठरलं' याच्या चार ओळी ईमेलने पाठवाव्यात. सहा महिन्यांनी 'हे तर मी सांगितलंच नव्हतं' असा प्रसंग आला, तर या ओळी कामी येतात.

नियमाप्रमाणे संशोधकाला दर सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर सादरीकरण करून प्रगतीचा छोटा अहवाल द्यावा लागतो. अनेक जण तो आदल्या रात्री कसाबसा उरकतात. तोच अहवाल प्रकरणाचा कच्चा मसुदा म्हणून लिहिला, तर दर सत्राला प्रबंधाची काही पानं आपोआप तयार होतात.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

पहिला थांबा म्हणजे 'शोधगंगा'. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांचे लाखो प्रबंध मोफत वाचता येतात. आपल्या विषयाचे आणि शक्यतो आपल्याच विद्यापीठाचे तीन-चार प्रबंध उघडून आधी अनुक्रमणिका पाहाव्यात. प्रकरणं किती, ती कशी लावली आहेत, संदर्भ कसे दिले आहेत, याचा अंदाज तासाभरात येतो. मंजूर झालेल्या संशोधन आराखड्यांसाठी याच केंद्राचं 'शोधगंगोत्री' आहे. सिनॉप्सिस लिहिण्याआधी तिथे जरूर डोकवावं.

शोधनिबंध शोधायला गूगल स्कॉलर सोयीचं आहे. एखादा महत्त्वाचा निबंध सापडला की त्याखालच्या 'सायटेड बाय' या दुव्यावर जावं. त्या निबंधाचा पुढे कोणी कोणी आधार घेतला, ते तिथे दिसतं. अशा रीतीने जुन्या कामापासून ताज्या कामापर्यंत पोहोचता येतं.

पूर्ण निबंध वाचायला पैसे मागितले जात असतील, तर आधी ग्रंथपालांना विचारावं. केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेतून जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली करण्यात आली आहेत. आपलं महाविद्यालय त्यात आहे का, हे ग्रंथालयातच कळतं. नसेल तर लेखकाला नम्र ईमेल करावा. बरेच लेखक आनंदाने प्रत पाठवतात.

संदर्भांसाठी झोटेरो

प्रबंधात दोनशे-तीनशे संदर्भ सहज जमतात. शेवटच्या महिन्यात ते हाताने टाईप करणं, स्वल्पविराम तपासणं आणि हरवलेले पान क्रमांक शोधणं म्हणजे शिक्षाच. झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर हे काम हलकं करतं. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात ते तयार झालं आणि २००६ मध्ये लोकांसमोर आलं.

ब्राउझरमध्ये त्याचं बटण बसवलं की निबंधाच्या पानावर एका क्लिकमध्ये लेखक, वर्ष, नियतकालिक अशी सगळी नोंद जतन होते. वर्ड, लिबरऑफिस किंवा गूगल डॉक्समध्ये लिहिताना ती नोंद मजकुरात टाकली की शेवटची संदर्भसूची आपोआप बनते. गाईडने एपीएऐवजी एमएलए शैली सांगितली, तर ती एका सेटिंगने बदलते. ऑनलाईन साठवणीसाठी ३०० एमबी जागा मोफत मिळते. मेंडली हा दुसरा पर्याय आहे. दोन्हींपैकी कोणतंही एक निवडावं, पण पहिल्या निबंधापासून वापरावं.

एक काळजी मात्र घ्यावी. आपोआप आलेली नोंद दरवेळी बरोबर असतेच असं नाही. मराठी पुस्तकांची नोंद तर बहुधा हातानेच करावी लागते. एकाच लेखकाचं नाव एकदा देवनागरीत आणि एकदा रोमन लिपीत टाकलं, तर सूचीत ते दोन वेगळे लेखक होतात. कोणतं नाव कोणत्या लिपीत द्यायचं, हे सुरुवातीलाच ठरवून टाकावं.

टिपणं काढताना घडणारी चोरी

वाङ्मयचौर्य करायचंच म्हणून कोणी बसत नाही. तिसऱ्या वर्षी वहीत किंवा फाईलमध्ये एक चांगला परिच्छेद सापडतो आणि तो आपला की दुसऱ्याचा, हेच आठवत नाही. तो तसाच प्रकरणात जातो.

याची किंमत मोठी आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातलं साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. संदर्भासह दिलेली अवतरणं आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळली जातात. पण साम्य १० टक्क्यांखाली आहे म्हणून दुसऱ्याचं वाक्य श्रेय न देता वापरायला परवानगी मिळत नाही.

उपाय साधा आहे. टिपणात तीन प्रकारचा मजकूर वेगळा ठेवावा: जसंच्या तसं उतरवलेलं अवतरणचिन्हात आणि पान क्रमांकासह, लेखकाचं म्हणणं आपल्या शब्दांत, आणि आपला स्वतःचा विचार वेगळ्या रंगात. याला जोड म्हणून एक्सेलमध्ये तक्ता करावा. प्रत्येक निबंधाला एक ओळ आणि लेखकाचा प्रश्न, पद्धत, निष्कर्ष, राहिलेली उणीव, आपल्या कोणत्या प्रकरणात उपयोगी, असे रकाने. चाळीस-पन्नास ओळी भरल्या की पूर्वसाहित्याच्या आढाव्याचा सांगाडा समोर दिसतो.

प्रबंध मराठीत असेल तर

मराठीतून लिहिणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टाईप करावं. डीटीपीच्या दुकानात अजूनही जुन्या फॉन्टमध्ये काम चालतं. तो मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरं असतात. त्यामुळे त्यात शब्द शोधता येत नाही, दुसऱ्या संगणकावर उघडल्यास गिचमीड दिसते आणि साम्य तपासणारं सॉफ्टवेअरही तो नीट वाचू शकत नाही.

इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्येच असतो. ज्यांना टाईप करण्याचा कंटाळा येतो, त्यांना गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून लिहिता येतं. नंतर शुद्धलेखन तपासावं लागतं, पण कच्चा मसुदा भरभर होतो. पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश ऑनलाईन पाहता येतात. इंग्रजी संज्ञेला मराठी शब्द एकदा निवडला की तो शेवटपर्यंत तोच ठेवावा. त्यासाठी स्वतःची शब्दसूची करून ठेवावी.

वर्ड की लेटेक?

गणित, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र अशा समीकरणांच्या विषयांत लेटेक जास्त चालतं. ओव्हरलीफवर ते ब्राउझरमध्येच वापरता येतं. बाकीच्यांना वर्ड किंवा मोफत लिबरऑफिस पुरतं. मात्र त्यातल्या 'स्टाईल्स' वापरायला शिकावं. प्रकरणाच्या आणि उपशीर्षकांच्या नावांना 'हेडिंग' शैली दिली की अनुक्रमणिका पान क्रमांकांसह आपोआप तयार होते. हे शिकायला अर्धा तास लागतो आणि शेवटचे कित्येक दिवस वाचतात.

लिहिण्याची सवय कशी लावावी?

इटालियन लेखक आणि प्राध्यापक उंबेर्तो एको यांनी १९७७ मध्ये प्रबंध कसा लिहावा यावर एक पुस्तक लिहिलं. अनुक्रमणिका शेवटी न करता कामाचा अंदाज म्हणून आधीच लिहावी, असा त्यांचा सल्ला होता. ती पुढे बदलणारच. पण ती समोर असली की आज लिहिलेलं पान कुठे बसतं ते कळतं आणि कोणतं वाचन टाळता येईल तेही कळतं.

रोजचं उद्दिष्ट छोटं असावं. दिवसाला ३०० शब्द, आठवड्याला पाच दिवस, वर्षाला ४८ आठवडे असा हिशेब केला तर ७२,००० शब्द होतात. त्यातले अर्धे टाकून दिले, तरी हातात बरंच उरतं. लक्ष टिकत नसेल तर पोमोडोरो पद्धत वापरून पाहावी: २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं सुट्टी, फोन दुसऱ्या खोलीत. उठण्याआधी उद्याचं पहिलं वाक्य कशाबद्दल असेल, ते एका ओळीत लिहून ठेवावं. त्यामुळे सकाळी कोऱ्या पानासमोर बसायची वेळ येत नाही.

मसुदा लिहिताना दुरुस्ती करत बसू नये. पहिल्या खर्ड्यात वाक्य वाकडं असलं तरी चालतं. वाकडं वाक्य सरळ करता येतं, न लिहिलेल्या वाक्याचं काहीच करता येत नाही.

एआयची मदत घ्यावी का?

चॅटजीपीटीसारखी साधनं इंग्रजी वाक्य सुधारायला किंवा अवघड परिच्छेद समजून घ्यायला उपयोगी पडतात. पण ती अस्तित्वातच नसलेले संदर्भ खऱ्यासारखे बनवून देतात. लेखक, वर्ष, नियतकालिक सगळं खरं वाटतं, आणि तो निबंध कधी लिहिलाच गेलेला नसतो. म्हणून स्वतः उघडून न पाहिलेला एकही संदर्भ प्रबंधात घेऊ नये. अशी मदत कितपत चालते, याबद्दल विद्यापीठाचे नियम पाहावेत आणि गाईडना आधीच सांगावं. व्हायवाला प्रत्येक ओळीचं उत्तर संशोधकालाच द्यावं लागतं.

पेपर छापण्याची घाई

२०२२ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापण्याची देशपातळीवरची सक्ती राहिलेली नाही. मात्र विद्यापीठ स्वतःची अट घालू शकतं, म्हणून आपला अध्यादेश वाचावा. 'दोन दिवसांत प्रकाशन' असं सांगून पैसे मागणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहावं. यूजीसी-केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली आहे. तरीही काही जाहिरातींत तिचं नाव वापरलं जातं. संपादक मंडळातले लोक खरे आहेत का आणि जुने अंक उघडतात का, हे आधी तपासावं.

बॅकअप

लॅपटॉप चोरीला जातो, पेन ड्राईव्ह खराब होतो, चहा सांडतो. म्हणून प्रबंधाच्या तीन प्रती ठेवाव्यात: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक गूगल ड्राईव्हसारख्या ऑनलाईन ठिकाणी. फाईलला 'फायनल', 'फायनल नवीन', 'एकदम फायनल' अशी नावं न देता तारखेने नाव द्यावं. कोणती प्रत ताजी आहे ते लगेच कळतं.

पहिल्या महिन्याची यादी

१. विद्यापीठाचा पीएचडी अध्यादेश डाउनलोड करून पूर्ण वाचणं आणि अंतिम तारखा कॅलेंडरमध्ये टाकणं.
२. झोटेरो बसवून पहिले दहा संदर्भ नोंदवणं.
३. शोधगंगेवरचे तीन प्रबंध चाळणं.
४. एका पानाची कच्ची अनुक्रमणिका लिहून गाईडना दाखवणं.
५. रोजच्या लिखाणाची वेळ ठरवून ती घरच्यांना सांगणं.

यातलं पाचवं काम सर्वांत अवघड असतं. घरातून काम करणाऱ्या, मुलं सांभाळणाऱ्या किंवा कॉलेजात शिकवणाऱ्या संशोधकाचा वेळ सगळ्यांना मोकळाच वाटतो. सकाळी सहा ते सात ही प्रबंधाची वेळ आहे, हे घराला माहीत झालं की तो एक तास टिकतो.