उंदीर, वात आणि बेगमी

शिवकालीन पत्र वर्गात शिकवताना आपला तास बहुधा फार्सी शब्द मोजण्यात जातो. चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना शिवाजी महाराजांनी १६७३-७४च्या सुमारास पाठविलेले पत्रही याला अपवाद नाही. विद्यार्थी ‘रयतेविषयीचा कळवळा’ असे उत्तरात लिहितात आणि गुण मिळवतात. कळवळा त्यात आहेच. परंतु हे पत्र मुळात दाण्या-वैरणीचे आहे. अधिक नेमके सांगायचे तर, अद्याप न आलेल्या टंचाईचे आहे. पुढे काय होईल हे निश्चित ठाऊक नसताना साठ्याचा विचार कसा करावा, याचा इतका सघन मराठी मजकूर मला दुसरा माहीत नाही.

परिस्थिती अशी. दाभोळच्या सुभ्यात पावसाळ्यासाठी दाणा-वैरण जमवून ठेवली होती. लष्कराचा तळ चिपळुणास पडला आणि तिच्यातील बराच भाग आधीच खर्च झाला. मग कारकुनांकडून आणि गडोगडीचा गल्ला देववून पागेची कशीबशी बेगमी करण्यात आली. (‘बेगमी’ हा शब्द आज आपण पापड-लोणच्यांपुरता उरवला आहे, तेव्हा त्याच्यावर घोडदळ पोसले जात होते.) एकदा पाऊस लागला की कोकणात घाटवाटा अवघड आणि समुद्र बंद. म्हणजे मे महिन्यात हाती असलेला साठा हाच चार महिन्यांचा साठा. आताच मनमानी खर्च केला तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील, आणि त्याचा दोष तुमच्याच माथी येईल, असे पत्र बजावते.

येथून पत्राची खरी गंमत सुरू होते. साठा संपल्यावर काय होईल याचा आकडा ते देत नाही, दृश्य देते. कोणी कुणब्याकडून दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी जळण, कोणी भाजी. मग जे कुणबी कसेबसे जीव धरून राहिले आहेत तेही गाव सोडू लागतील. त्यांना मोगलांपेक्षा तुम्हीच अधिक जाचक वाटाल. शिस्त मोडणारा शिपाई नेमका कोणता हे रायगडावरून सांगता येत नाही. पण कोणीतरी मोडणार हे मात्र सांगता येते. हा ‘कोणी’ व्याकरणात अनिश्चितवाचक सर्वनाम ठरतो. येथे तो राज्यकारभाराचे साधन होतो.

पुढे आगीचा प्रसंग येतो. कोणी गवताजवळ स्वयंपाकाची आगटी करील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, वारा सुटलेला आहे की नाही हे पाहणार नाही. एक खण पेटला की सारे खण जातील, गवताच्या गंजीत ठिणगी पडली की साऱ्या गंजी जातील. रात्री दिवा तेवत राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेईल. या उंदरापाशी मी दरवर्षी वर्गात थांबतो. लोभी शिपाई आणि निष्काळजी आचारी यांना ताकीद देता येते. उंदराला देता येत नाही. म्हणून उपाय उंदरावर नाही, दिव्यावर आहे: निजताना तो विझवा. आणि आग लागून गेल्यावर कुणब्यांच्या माना मारल्या किंवा कारकुनांना कितीही ताकीद केली, तरी खण उभारायला एक लाकूडसुद्धा मिळणार नाही, हेही पत्र स्पष्ट सांगते. भरून येणारी हानी आणि न येणारी हानी यांतील भेद त्यात आहे.

याला ‘जोखमीचे व्यवस्थापन’ म्हणणे म्हणजे जुन्या मजकुरावर नवे लेबल चिकटवणे, असा आक्षेप येईल. तो अर्धा खरा आहे. पास्कल आणि फर्मा यांचा संभाव्यतेच्या गणिताला जन्म देणारा पत्रव्यवहार १६५४चा, म्हणजे जवळजवळ याच काळातला. त्या गणिताचा येथे मागमूस नाही. पण अनिश्चितता डोळ्यांपुढे उभी करण्याचे गणित हे एकमेव साधन नव्हे. फ्रेंच अभियंता शार्ल मिनार याने १८६९मध्ये नेपोलियनच्या रशियावरील स्वारीचा प्रसिद्ध आलेख काढला. ४ लाख २२ हजार माणसांचा जाड पट्टा मॉस्कोकडे जातो आणि परतताना १० हजारांची रेघ उरते. रसद तुटणे म्हणजे काय हे त्याच्याइतके क्वचितच कोणी दाखविले असेल. मात्र तो आलेख स्वारीनंतर ५७ वर्षांनी निघाला. त्यात घडून गेलेले एकच भवितव्य आहे. चिपळूणच्या पत्रात न घडलेली चार-पाच भवितव्ये आहेत, आणि ती टाळण्यास अजून अवधी आहे.

पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (१७१५-१६च्या सुमारास) हाच विचार नियमाच्या रूपात येतो. गडावर एक पाणी आहे एवढ्यावर निश्चिंत राहू नये. झुंजात तोफांच्या आवाजाने झरे आटतात आणि त्याच वेळी पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून दोन-चार टाकी जखिऱ्याची म्हणून वेगळी बांधावी आणि त्यांतले पाणी खर्चू देऊ नये. पुरवठा घटणे आणि गरज वाढणे ही दोन संकटे एकाच कारणाने, एकाच वेळी येतात, हे अमात्यांनी अचूक हेरले होते. दोन्हींचा अंदाज वेगवेगळा बांधणारा नियोजक आजही तेथेच फसतो.

ही समज असूनही पुढचा इतिहास सुखाचा नाही. १७६०च्या ऑक्टोबरात भाऊसाहेबांच्या फौजेने कुंजपुरा जिंकून शत्रूचा धान्यसाठा मिळविला. त्याच महिन्यात अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला आणि दिल्लीची वाट तुटली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, तेव्हा दुआबातून रसद येण्याची उरलीसुरली आशाही गेली. पानिपतच्या छावणीत लढवय्यांबरोबर हजारो यात्रेकरू, बायका-मुले आणि बाजारबुणगे होते. खाणारी तोंडे कमी करण्याचा मार्ग उरला नव्हता, जखिऱ्याचे टाकेही नव्हते. १४ जानेवारी १७६१ रोजी फौज बाहेर पडली ती मुख्यतः छावणीत खायला काही उरले नव्हते म्हणून.