‘याने काय केले?’ ते ‘हा कोण आहे?’ : पौगंडावस्थेच्या अभ्यासाची जन्मकथा

१/ किशोरवयीन मुलांसाठी काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमात बालविकास आणि पौगंडावस्था हे विषय हमखास भेटतात. मुलांविषयी माया असली, तर वाढीचे टप्पे आणि सिद्धान्त कशाला शिकायचे, असा प्रश्न त्याला पडतो. या प्रश्नाचे उत्तर या विषयाच्या इतिहासातच आहे, आणि त्या इतिहासातील एक महत्त्वाचे पर्व एका न्यायालयात सुरू झाले.

२/ एकोणिसाव्या शतकापर्यंत इंग्लंड-अमेरिकेतील कायद्याचा हिशोब सरळ होता. ७ वर्षांखालील मूल गुन्ह्यास अपात्र. ७ ते १४ या वयात समज नाही असे गृहीत धरले जाई, पण पुराव्याने ते खोडता येई. १४ पूर्ण झाली की आरोपी प्रौढ. त्यामुळे १५ वर्षांचा मुलगा सराईत गुन्हेगारांच्या शेजारच्या कोठडीत जाऊन पडे.

३/ शिकागो शहरात जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये ‘हल हाउस’ स्थापन केले होते. स्थलांतरित कामगारांच्या वस्तीत राहून काम करणाऱ्या तेथील स्त्रियांना तुरुंगातील मुले रोज दिसत. त्यांच्या आणि इतर सुधारकांच्या प्रयत्नांतून इलिनॉय राज्यात कायदा झाला आणि जुलै १८९९ मध्ये अमेरिकेतील पहिले बालन्यायालय भरले. १२ वर्षांखालील मुलाला तुरुंगात ठेवण्यास या कायद्याने मनाई केली.

४/ मुलांवर देखरेख ठेवण्यासाठी कायद्याने परिवीक्षा अधिकारी निर्माण केले. मात्र त्यांच्या वेतनासाठी सरकारी पैसा ठेवला नाही. ज्यूलिया लॅथ्रॉप यांच्या पुढाकाराने एका समितीने वर्गणीतून ही वेतने भागवली. हल हाउसच्या अल्झिना स्टीव्हन्स या पहिल्या अधिकारी. मुलाला घरी ठेवावे की संस्थेत, हा सल्ला त्यांना द्यावा लागे. सहानुभूती भरपूर होती. पण तोच मुलगा पुन्हा पुन्हा न्यायालयात का येतो, याचे उत्तर सहानुभूतीपाशी नव्हते.

५/ १९०४ मध्ये मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांचा ‘ॲडोलेसन्स’ हा द्विखंडात्मक ग्रंथ आला. बाल्य आणि प्रौढत्व यांमधील काळ ही वादळी, स्वतंत्र अवस्था आहे, असे त्यांनी मांडले आणि या वयाला अभ्यासविषयाची प्रतिष्ठा मिळवून दिली. मात्र व्यक्तीची वाढ मानववंशाच्या उत्क्रांतीची पुनरावृत्ती करते, हे त्यांचे गृहीतक चुकीचे ठरले. त्याच विचाराच्या आधारे त्यांनी वसाहतींतील समाजांनाही ‘किशोरवयीन वंश’ ठरवले होते. आद्य ग्रंथही डोळसपणे वाचावा लागतो, तो यासाठी.

६/ १९०९ मध्ये जेन ॲडम्स यांनी तरुणाई आणि शहरातील रस्ते यांवर पुस्तक लिहिले. रुळांलगत शेकोट्या पेटवणे, धावत्या गाडीच्या खिडक्यांवर दगड मारणे, असे आरोप असलेल्या मुलांच्या नोंदी त्यांनी त्यात दिल्या. त्यांचा निष्कर्ष असा : साहसाची ओढ ही या वयाची सहजप्रवृत्ती आहे, शहर या मुलांकडून श्रम घेते, त्यांना करमणूक विकते, पण खेळायला जागा देत नाही.

७/ त्याच वर्षी न्यायालयात येणाऱ्या मुलांच्या अभ्यासासाठी शिकागोत एक संस्था निघाली. तिचे प्रमुख डॉ. विल्यम हीली प्रत्येक मुलाची शारीरिक तपासणी, बौद्धिक चाचणी, घरची परिस्थिती आणि खुद्द त्याचे म्हणणे एकत्र नोंदवत. १९१५ च्या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की गुन्ह्याचे एकच एक कारण नसते. ‘जन्मजात गुन्हेगार’ या तत्कालीन लोकप्रिय कल्पनेला हा मोठा धक्का होता.

८/ हे विचार मुंबईतही आले. १९२४ मध्ये मुंबई प्रांताचा बालक कायदा झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने क्लिफर्ड मॅन्शार्ट मुंबईत आले आणि नागपाड्यात त्यांनी वस्तीकेंद्र उभारले. तेथेच १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. १९३७ मध्ये विद्यालयाने बालमार्गदर्शन केंद्र काढले. समाजकार्याचे शिक्षण आणि मुलांचा प्रत्यक्ष अभ्यास आरंभापासूनच हातात हात घालून चालले, ते असे.

९/ या कथेला काळी बाजूही आहे. १९६४ मध्ये ॲरिझोनात १५ वर्षांच्या एका मुलाला अश्लील दूरध्वनी केल्याच्या आरोपावरून वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत सुधारगृहात धाडण्यात आले. प्रौढाला याच गुन्ह्यासाठी ५ ते ५० डॉलर दंड किंवा फार तर २ महिने कैद झाली असती. तक्रारदार बाई न्यायालयात आल्याच नव्हत्या. ‘मुलाच्या हितासाठी’ हे शब्द त्याच्या हक्कांच्या आड आले होते. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकील मिळण्याचा आणि साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याचा हक्क मुलांनाही आहे, असा निर्णय दिला.

१०/ हा प्रश्न आज आपल्या दाराशी आहे. भारताच्या २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार १६ वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर बालन्याय मंडळ प्राथमिक मूल्यमापन करते. गुन्हा करण्याची त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि घटनेची परिस्थिती पाहिली जाते. त्यावरून खटला प्रौढाप्रमाणे चालवायचा का, हे ठरू शकते. यासाठी मंडळ अनुभवी मानसशास्त्रज्ञांचे आणि मनोसामाजिक कार्यकर्त्यांचे साहाय्य घेऊ शकते.

११/ म्हणजे आज वर्गात पौगंडावस्थेचे प्रकरण वाचणारी एखादी विद्यार्थिनी उद्या अशाच एका मुलासमोर बसलेली असेल. मित्रांच्या देखत घेतलेला निर्णय आणि एकट्याने शांतपणे घेतलेला निर्णय या वयात सारखे नसतात, हे तिला ठाऊक असले पाहिजे. आपल्या अहवालाने त्याची पुढची कित्येक वर्षे ठरू शकतात, याचेही भान हवे.

१२/१२ अल्झिना स्टीव्हन्स यांच्यापाशी यांतले काहीच लिहून ठेवलेले नव्हते. त्या मुलाच्या घरी जात, विचारपूस करत आणि अंदाजाने ठरवत. पुढच्या पिढ्यांनी तो अंदाज तपासला, काही चुका केल्या, काही दुरुस्त केल्या. अभ्यासक्रमात आपल्या हाती येते ते हे संचित. ते शिकायचे, कारण चुकीच्या अंदाजाची किंमत अंदाज करणाऱ्याला नव्हे, समोरच्या मुलाला मोजावी लागते.