दापोडीची बाग, पिंपरीची बुरशी

अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर १८३८ साली दापोडीच्या सरकारी वनस्पतिउद्यानाचा अधीक्षक झाला. इंग्रजी दप्तरांत गावाचे नाव 'दापुरी' असे येते. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत, १८२८ मध्ये, ही बाग वसविली गेली आणि गव्हर्नरांचा पावसाळा येथील बंगल्यात जाऊ लागला. १८६५ च्या सुमारास हा सारा थाट गणेशखिंडीत हलला. तिथला प्रासाद आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणून सर्वांच्या परिचयाचा आहे. दापोडीची ओळख मात्र एस. टी.ची कार्यशाळा आणि मुळेवरचा हॅरिस पूल यांपलीकडे सहसा जात नाही.

आम्ही या बागेकडे वळलो ते थोड्या वेगळ्या कारणाने. पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक इतिहास नेहमी लोखंडापासून सांगितला जातो. परंतु महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले १९६२ मध्ये. त्याआधी आठ वर्षे, १९५४ साली, दापोडीपासून काही किलोमीटरांवर पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी आली होती. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य तिला लाभले होते, आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पोलादी टाक्या होत्या, पंप होते. पण माल घडवीत होती एक बुरशी. म्हणजे या पट्ट्यातील पहिल्या मोठ्या कामगारांत जिवंत पेशींची गणना केली पाहिजे. आणि गिब्सनची बाग पाहिली, तर ती गणना आणखी शंभर-सव्वाशे वर्षे मागे न्यावी लागते.

गिब्सनच्या बागांतून (दुसरी जुन्नरजवळ हिवऱ्यास होती) मुंबईच्या सरकारी औषधभांडाराला देशात पिकविलेली औषधे जात. त्यांत खुरासानी ओव्याचा अर्क होता. वेदना आणि पेटके शमविणारा हा अर्क पानांतून काढीत. त्यातले गुणकारी द्रव्य, हायोसायमिन, पानांत भरलेले असते खरे, पण ते घडते मुळांत. तेथून ते वर चढते. हे विसाव्या शतकात कलमांच्या प्रयोगांनी सिद्ध झाले. दापोडीत पाने खुडणाऱ्यांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. या बागेतील वनस्पतींची चित्रे १८४७ ते १८५० या काळात काढली गेली आणि ती आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात जपलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र कोणी नोंदविलेले नाही. ही गोष्ट आम्हांला पुढे पुन्हा आठवणार आहे.

बागेचा काळ आणि जीवरसायनाच्या जन्माचा काळ एकच आहे. १८२८ मध्येच व्होलर या जर्मन रसायनज्ञाने प्रयोगशाळेत युरिया तयार केला. सजीवांतील द्रव्ये सजीवाबाहेरही घडू शकतात, याचा तो पहिला ठळक पुरावा. १८३३ मध्ये पायां आणि पर्सो यांनी मोड आलेल्या धान्यातून पिष्टाची साखर करणारे द्रव्य वेगळे काढले. अशा द्रव्यांना क्यूने याने १८७७ च्या सुमारास 'एन्झाइम' हे नाव दिले. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'विरजणातले', 'खमिरातले' असा काहीसा होतो. आपण पाठ्यपुस्तकांत 'विकर' म्हणतो; शब्द वाईट नाही, पण विरजणाचा वास त्यात उरलेला नाही. उलट 'चयापचय' हा शब्द मुळातील 'मेटाबॉलिझम'पेक्षा सरस आहे, असे आमचे मत आहे. चय म्हणजे रचणे, अपचय म्हणजे मोडणे. अन्न मोडून मिळालेली ऊर्जा आणि तुकडे घेऊन पेशी नवे काही रचते, आणि दोन्ही कामांतील जवळपास प्रत्येक पायरीवर एकेक विकर उभे असते. एवढी सारी गोष्ट त्या एका समासात आहे.

१८९१ मध्ये कॉसेल याने पेशीतील द्रव्यांचे दोन वर्ग केले: प्रत्येक पेशीत असणारी ती प्राथमिक, काहींतच आढळणारी ती दुय्यम. शर्करा, प्रथिने पहिल्या वर्गात, हायोसायमिन दुसऱ्या. पुढे 'दुय्यम' या शब्दाला 'अनावश्यक', 'टाकाऊ' अशी छटा चिकटली. साहित्याच्या अभ्यासकांना शब्दांची ही गत नवी नाही. पेनिसिलिन हेही असेच दुय्यम द्रव्य.

पिंपरीच्या टाक्यांमागची विद्या प्रामुख्याने अमेरिकेत, इलिनॉयमधील पिओरिया येथे, १९४१ नंतर विकसित झाली होती. तेथील संशोधकांच्या ध्यानात आले की बुरशीला भरपूर ग्लुकोज दिले की ती जोमाने वाढते, पण पेनिसिलिन फारसे देत नाही. दुधातली साखर दिली तर ती सावकाश मोडते, वाढ मंदावते आणि पेनिसिलिन भराभर जमू लागते. मक्याचे पिष्ट काढताना उरणारे पाणीही बुरशीला मानवले. उपाशी नाही आणि तृप्तही नाही, अशा अवस्थेत तिला ठेवणे हे या उद्योगाचे खरे कौशल्य. त्या अवस्थेत तिची विकरे तीन ॲमिनो आम्ले एका माळेत गुंफतात, तिचे दुहेरी कडे वळवितात, आणि शेवटचे विकर एक बाजूची साखळी काढून दुसरी जोडते. फेनिल-ॲसेटिक आम्ल टाकीत घातले, तर तेच जोडले जाऊन पेनिसिलिन-जी होते.

हे द्रव्य काम करते तेही विकरावरच. जिवाणू आपली भिंत ज्या विकराने सांधतो, त्यातच ते अडकून बसते. जिवाणूंचे प्रत्युत्तरही विकरच: पेनिसिलिन मोडणारा पेनिसिलिनेज अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्ये वर्णिला, म्हणजे ऑक्सफर्डच्या पहिल्या रुग्णास १९४१ मध्ये सुई टोचण्यापूर्वीच. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंची आजची चिंता किती जुनी आहे, ते यावरून कळेल.

पिंपरीचा कारखाना पुढे आर्थिक अडचणीत गेला. त्याची कहाणी अनेकांनी सांगितली आहे. त्याच्या संशोधनशाळेची तितकीशी सांगितली जात नाही. तेथे एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीतील सूक्ष्मजीवांचा शोध घेत. १९६१ मध्ये तेथून हॅमायसिन हे बुरशीनाशक पुढे आले. एका टाकीत बुरशी पोसणाऱ्या संस्थेने बुरशी मारणारे औषध शोधावे, यात गंमत आहेच. पण दापोडीच्या त्या निनावी चित्रकाराची आठवण आम्हांला येथे होते, कारण हे औषध घडविणाऱ्या सूक्ष्मजीवाला मात्र नाव मिळाले, आणि ते गावाचे मिळाले: स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना.