निवड आणि वाटखर्च

देशाच्या कुस्ती-संघात नाव लागले म्हणजे पैलवान परदेशी पोहोचलाच, असे आपण समजतो. खाशाबा जाधवांचा इतिहास निराळे सांगतो.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा शेतकऱ्याचा मुलगा. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला, म्हणून तो लंडनच्या ऑलिंपिकला गेला. तांबड्या मातीत घडलेला मल्ल तेथे गादीवर लढला आणि सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीसाठी निवड झाली, पण पैशाची तजवीज ज्याची त्यानेच करावयाची! गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले.

हेलसिंकीत खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी १९९६ साल उजाडावे लागले. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे कुस्त्यांचे मैदान भरवून खाशाबांनी प्राचार्यांचे पैसे फेडले.

खर्डेकरांपुढे मान लवते. तरीही विचारावेसे वाटते, ज्याच्या वाट्याला असे प्राचार्य आले नाहीत, त्या मल्लाचे काय झाले असेल? कामगार परगावी पाठविला तर त्याचे गाडीभाडे धन्याने द्यावे, एवढे आम्ही संघटनेच्या बळावर मिळविले. मग देशाच्या नावाने लढायला निघालेल्या गड्याचा वाटखर्च कोणाच्या घरावर का पडावा? तो देशाच्याच तिजोरीतून, आणि वेळेवर, मिळाला पाहिजे.