व्होल्गाच्या पाण्याखालची गावं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. आज आपण जहाजात बसून मॉस्कोहून सेंट पीटर्सबर्गला निघालोय. रेल्वेने हे अंतर काही तासांचं, पण नदीतून जायचं तर आठवडा-दहा दिवस सहज लागतात.

सुरुवात एका फोटोपासून करू. इन्स्टाग्रामवर कधी ना कधी तुमच्या नजरेखालून तो गेला असेल. चहूकडे पाणी आणि मधोमध एकटाच उभा असलेला घंटाघराचा उंच, पांढरा मनोरा. शेजारी चर्च नाही, घरं नाहीत, रस्ता नाही. बऱ्याच जणांना ते एआयने बनवलेलं चित्र वाटतं. पण मनोरा खरा आहे. कल्याझिन नावाच्या गावात तो १८०० साली बांधला. उंची सुमारे ७४ मीटर, म्हणजे आपल्याकडची चोवीस-पंचवीस मजली इमारत. क्रूझ त्याच्या जवळूनच जाते आणि सगळे डेकवर येऊन सेल्फी काढतात.

आता साधा प्रश्न. नदीच्या मधोमध घंटाघर कोण कशाला बांधेल?

उत्तर असं की कोणी बांधलंच नव्हतं. ते गावाच्या चौकात बांधलं होतं. नदी नंतर गावात आली. आणि ती स्वतःहून आली नाही, तिला आणलं गेलं. आजचा भाग त्याबद्दलच आहे.

पाण्याची लिफ्ट

मॉस्को शहर व्होल्गा नदीवर नाही. मॉस्क्वा नदी लहान आहे. त्यामुळे मोठी जहाजं राजधानीपर्यंत आणायची आणि शहराला पाणीही पुरवायचं, म्हणून स्टालिनच्या काळात १९३२ ते १९३७ या पाच वर्षांत १२८ किलोमीटरचा कालवा खोदला. मधे उंचवटा आहे, त्यामुळे व्होल्गाचं पाणी पंपांनी सुमारे ३८ मीटर वर चढवावं लागतं.

पाणी पंपाने चढलं, पण जहाज कसं चढणार? त्यासाठी लॉक असतात. लॉक म्हणजे पाण्याची लिफ्ट समजा. दोन्ही बाजूंना दारं असलेला काँक्रीटचा लांबलचक हौद. जहाज आत आलं की मागचं दार बंद करायचं, वरच्या बाजूचं पाणी आत सोडायचं. पातळी वाढते तसं जहाजही वर येतं. मग पुढचं दार उघडायचं. उतरायचं असेल तर सगळं उलट. कल्पना इतकी सोपी आहे, की पहिल्यांदा बघणारा माणूस अर्धा तास जागचा हलत नाही.

पण हा कालवा खोदला कोणी? कैद्यांनी. द्मित्लाग नावाची श्रमछावणी खास या कामासाठी उभी केली होती. तिच्यात लाखो माणसं होती. चोर-दरोडेखोर होते, तसे जमीन हिसकावून घेतलेले शेतकरी होते, पाद्री होते, इंजिनिअरसुद्धा होते. हत्यारं म्हणजे मुख्यतः फावडी आणि हातगाड्या. सरकारी नोंदींनुसारच वीस हजारांहून जास्त माणसं इथे मेली. कालवा जिथे व्होल्गाला मिळतो, त्या दुबनाजवळ लेनिनचा अवाढव्य पुतळा आहे. समोरच्या काठावर तसाच स्टालिनचाही होता. स्टालिन गेल्यानंतर काही वर्षांनी तो उडवून दिला. कालवा मात्र तोच आहे, आणि आपलं जहाज त्यातूनच चाललंय.

चौलला आलेला माणूस याच वाटेने गेला

दुबनापासून आपण व्होल्गात शिरतो आणि प्रवाहाबरोबर खाली जातो. थोडं वरच्या बाजूला त्वेर नावाचं शहर आहे. तिथला अफानासी निकितीन नावाचा व्यापारी पंधराव्या शतकात माल घेऊन व्होल्गातून निघाला. अस्त्राखानजवळ त्याला लुटलं. हात हलवत परत जाऊन काय करणार? म्हणून तो पुढेच जात राहिला. बाकू, इराण, होर्मुझ असं करत १४६९च्या सुमारास तो एक घोडा घेऊन आपल्या चौलला उतरला. हो, रायगड जिल्ह्यातलं, अलिबागजवळचं चौल! तिथून जुन्नर आणि मग बिदर. वास्को द गामा कालिकतला येण्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधीची ही गोष्ट. चौलशेजारच्या रेवदंड्यात आज त्याचं स्मारक आहे.

आपल्या पुस्तकांत निकितीन येतो तो इथे काय पाहिलं हे सांगण्यापुरता. मला मात्र त्याच्या वहीची पहिली काही वाक्यं जास्त महत्त्वाची वाटतात. त्यात तो सांगतो, की त्वेरहून निघाल्यावर मी कल्याझिनच्या मठात गेलो, तिथल्या मकारी नावाच्या मठाधिपतींचा आशीर्वाद घेतला आणि पुढे उग्लिचला गेलो.

कल्याझिन, उग्लिच. आपलंही जहाज याच क्रमाने चाललंय. फरक एवढाच की निकितीन ज्या मठाच्या काठाला उतरला, तो मठ आता नाही. १९३९-४०मध्ये उग्लिचचं धरण भरू लागलं, त्याआधी मठ पाडला आणि ती जागा पाण्याखाली गेली. भिंतींवरची काही चित्रं तेवढी घाईघाईने सोडवून काढली, त्यातली काही मॉस्कोच्या वास्तुकला संग्रहालयात आहेत. गावातलं जुनं चर्चही पाडलं. त्याचं घंटाघर तेवढं राहिलं. आज आपण ज्याच्यासोबत सेल्फी काढतो ते.

घंटेला झालेली शिक्षा

पुढचा थांबा उग्लिच. इथली गोष्ट वेब सिरीजला लाजवेल अशी आहे.

१५९१च्या मे महिन्यात इव्हान द टेरिबल या झारचा आठ वर्षांचा मुलगा दिमित्री इथे वाड्याच्या अंगणात गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला. कोणीतरी चर्चची घंटा बडवली. लोक धावत आले आणि ज्यांच्यावर संशय होता त्यांना तिथल्या तिथे ठार मारलं. मॉस्कोत तेव्हा खरी सत्ता बोरिस गोदुनोवच्या हातात होती. त्याने चौकशीसाठी वासिली शुइस्की या सरदाराला पाठवलं. अहवाल आला, की मुलाला फेफरं आलं, हातातली सुरी त्याची त्यालाच लागली.

शिक्षा झाली ती गावाला. कित्येकांना हद्दपार करून सायबेरियात पाठवलं. आणि माणसांसोबत घंटेलाही! लोकांना भडकवलं म्हणून तिची जीभ काढली, चाबकाचे फटके मारले आणि तोबोल्स्कला धाडलं, असं सांगतात. ती परत आली १८९२ साली, तीनशे वर्षांनी. आज ती राजपुत्राच्या स्मरणार्थ बांधलेल्या लाल भिंती आणि निळ्या घुमटांच्या चर्चमध्ये बघायला मिळते.

आणि तो शुइस्की? १६०६मध्ये तो स्वतःच झार झाला. तोवर ‘मीच तो वाचलेला दिमित्री’ असं म्हणणारा एक तोतया मॉस्कोच्या गादीवर बसून मारलाही गेला होता. अशांना तोंड देण्यासाठी मूल मेलंय, आणि निर्दोष मेलंय, हे सिद्ध होणं शुइस्कीच्या सोयीचं होतं. मग त्याच माणसाने जाहीर केलं, की राजपुत्राचा खूनच झाला होता, आणि चर्चने त्याला संत ठरवलं. पंधरा वर्षांत त्याच माणसाने त्याच मृत्यूची दोन कारणं सांगितली.

मोलोगा

उग्लिचच्या पुढे पाणी रुंद होत जातं आणि मग समुद्रच लागतो म्हणा ना. हा रिबिन्स्क जलाशय. क्षेत्रफळ सुमारे ४,५८० चौरस किलोमीटर. आपली अख्खी बृहन्मुंबई त्यात सात वेळा मावेल. डेकवरून बघितलं तर काठ दिसत नाही. बघण्यासारखं काही नाही म्हणून बरेच प्रवासी या वेळेत जेवून घेतात.

या पाण्याखाली मोलोगा नावाचं शहर आहे. जुन्या बखरींमध्ये त्याचा उल्लेख ११४९ सालापासून सापडतो. वस्ती पाच हजारांच्या आसपास. १९३६ साली लोकांना कळवण्यात आलं, की इथे धरणाचं पाणी येणार, घरं हलवा. घरं लाकडी होती. ओंडके सुटे करायचे, त्यांवर खुणा करायच्या, तराफे बांधून नदीतून सोडायचे आणि रिबिन्स्कला नेऊन पुन्हा जोडायचे. ज्यांची घरं जुनी होती, त्यांना तेही जमलं नाही. एप्रिल १९४१मध्ये नदी अडवली. शहर, शेकडो खेडी, कुरणं, मठ असं सगळं बुडालं. पूर्ण जलाशयाच्या पट्ट्यातून सुमारे १,३०,००० माणसं उठवली गेली. हे धरणही कैद्यांनीच बांधलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच वर्षी जूनमध्ये हिटलरने हल्ला केला. १९४१-४२च्या हिवाळ्यात जर्मन फौजा मॉस्कोच्या दाराशी होत्या, तेव्हा राजधानीला उग्लिच आणि रिबिन्स्कच्या धरणांची वीज मिळत होती. त्या विजेचा उपयोग झाला, हे नाकारता येत नाही. पण ‘उपयोग झाला’ असं म्हणून मोलोगाचा हिशेब मिटतो का? किंमत किती हे एकाने ठरवायचं आणि ती दुसऱ्याने मोजायची, हे जिथे होतं तिथे हा प्रश्न उरतोच. आणि मोजणाऱ्यांना कित्येक दशकं त्याबद्दल उघड बोलताही येत नव्हतं. मोलोगाचं छोटं संग्रहालय रिबिन्स्कमध्ये उघडलं ते १९९५ साली, सोव्हिएत संघ संपल्यावर. २०१४च्या उन्हाळ्यात पाणी बरंच खाली गेलं, तेव्हा शहराचे रस्ते आणि घरांचे पाये उघडे पडले होते.

खरं गाव कोणतं?

जलाशयातून शेक्स्ना नदीने उत्तरेला गेलं की गोरित्सी लागतं. तिथून जवळच १३९७ साली स्थापन झालेला किरिलो-बेलोझेर्स्की मठ आहे, किल्ल्यासारख्या तटबंदीचा. पुढे व्होल्गा-बाल्टिक जलमार्गाने आपण ओनेगा सरोवरात येतो आणि किझी बेटावर उतरतो.

किझीचं १७१४ सालचं लाकडी चर्च म्हणजे बावीस घुमटांचं आश्चर्य. १९९०पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. अलीकडेच त्याची मोठी दुरुस्ती झाली. वरचा भाग यंत्रांनी तोलून धरायचा, खालचे ओंडके काढून तपासायचे, कुजलेले तेवढे बदलायचे आणि बाकीचे जिथल्या तिथे परत बसवायचे. पण आसपासची बरीच घरं, पवनचक्की, छोटी प्रार्थनामंदिरं ही मूळची इथली नाहीत. निरनिराळ्या खेड्यांतून उचलून ती इथे मांडली आहेत. याच चर्चसमोर १७७१ साली कारखान्यांच्या वेठबिगारीविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांवर सैन्याने तोफा डागल्या होत्या. फोटोत ते दिसत नाही.

त्यापुढे स्विर नदीवर मान्द्रोगी. कोरीव खिडक्या, लाकडी बाहुल्या रंगवणारे कारागीर, गरम पिरोग. पर्यटकांना हे ‘अस्सल रशियन खेडं’ फार आवडतं. मूळचं गाव दुसऱ्या महायुद्धात नष्ट झालं. आज दिसतं ते १९९६पासून पर्यटकांसाठी नव्याने उभारलेलं.

म्हणजे गंमत बघा. जे गाव खरं होतं ते पाण्याखाली आहे, जे दिसतं ते संग्रहालय आहे किंवा नवं बांधलेलं आहे. क्रूझवाल्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यामुळे काठावरच्या कितीतरी लोकांची चूल पेटते. २०२२नंतर पाश्चात्त्य कंपन्यांची जहाजं बंद झाली, आता डेकवर बहुतेक रशियन प्रवासीच असतात. पण ब्रोशरमध्ये ‘ऐतिहासिक शहरं’ असं छापलेलं असतं, तेव्हा इतिहास थांब्यांवर असतो असा आपला समज होतो. या मार्गावर तो दोन थांब्यांच्या मधेही आहे. जहाज ज्यावर तरंगतंय ते पाणीच इतिहास आहे.

क्रोखिनोच्या विटा

शेवटी एकच जागा. गोरित्सीहून पुढे आलो तेव्हा एक थांबा मी मुद्दाम गाळला, कारण तिथे जहाज थांबतच नाही. शेक्स्ना नदी ‘श्वेत सरोवरातून’ निघते, त्या तोंडाशी पाण्यात एक पडकं चर्च उभं आहे. गावाचं नाव क्रोखिनो. १९६०च्या दशकात जलमार्गासाठी पाण्याची पातळी वाढवली आणि गाव गेलं. अठराव्या शतकातलं चर्च लाटा आणि बर्फ झेलत कोसळत राहिलं.

साधारण २०१०पासून काही तरुण स्वयंसेवक उन्हाळ्यात तिथे होडीने जातात. ढासळलेल्या विटा पाण्यातून गोळा करतात आणि त्याच विटा-दगडांचा बांध चर्चभोवती घालतात, म्हणजे लाटांचा मार थेट भिंतींना बसणार नाही. सगळं चर्च परत उभं करणं त्यांना शक्य नाही. गाव तर नाहीच नाही. जे उरलंय ते पडू द्यायचं नाही, एवढंच काम.

मोठी जहाजं जवळून जातात, तेव्हा त्यांच्या लाटाही याच बांधावर येऊन आपटतात.

आजच्यापुरतं इतकंच. भाग आवडला तर मित्रमैत्रिणींना पाठवा. आणि तुमच्या घरात कोणाचं गाव धरणाखाली गेलं असेल, तर एकदा त्यांच्याशेजारी बसून विचारा, घर कुठे होतं, देऊळ कुठे होतं. फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या भागात!