वेदनाशामकजन्य आंत्रविकार

अ‍ॅस्पिरीन, इंडोमेथॅसीन, आयबुप्रोफेन यांसारखी दाहरोधक वेदनाशामके दीर्घकाळ घेतल्याने आतड्यात व्रण, रक्तस्राव, छिद्रण किंवा आंत्ररोध (आतड्याचा मार्ग बंद होणे) उद्भवतो. अशा विकारांना ही संज्ञा लावतात.

विलो वृक्षाच्या सालीचा ज्वरशामक गुण एडवर्ड स्टोन यांनी १७६३ मध्ये रॉयल सोसायटीस कळविला. त्याच गटातील अ‍ॅस्पिरीन १८९९ पासून बाजारात आले. ते जठराच्या अस्तरास इजा करते, हे डाउथ्वेट व लिंटॉट यांनी १९३८ मध्ये जठरदर्शकातून पाहिले. ही औषधे प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखतात, असे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. वेदना व दाह वाढविणारी हीच द्रव्ये पचनमार्गाच्या अस्तराचे रक्षणही करीत असल्याने औषधाचा गुण व अपाय यांचे मूळ एकच ठरले.

लहान आतडे मात्र जठरदर्शकाच्या टप्प्याबाहेर असल्याने तेथील इजा दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. इंडोमेथॅसीन सावकाश सोडणारी एक गोळी आंत्रछिद्रणाच्या घटनांमुळे ब्रिटनमध्ये १९८३ साली मागे घेण्यात आली. १९८८ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी ‘पटल-विकारा’चे वर्णन केले. त्यात व्रण भरून येताना तंतुमय ऊतकाची पातळ, कड्यासारखी पटले तयार होतात व मार्ग कधीकधी टाचणीच्या छिद्राएवढा अरुंद होतो. बाहेरून आतडे निरोगी दिसत असल्याने शस्त्रक्रियेच्या वेळीही पटले नजरेतून सुटू शकतात. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७१३ शवविच्छेदनांच्या अभ्यासात लहान आतड्यातील व्रण ही औषधे घेणाऱ्यांपैकी ८.४ टक्के व न घेणाऱ्यांपैकी ०.६ टक्के व्यक्तींत आढळले.

गिळता येणारा कॅमेरा २००१ पासून वापरात आल्यावर अशी इजा जिवंत रुग्णातही दिसू लागली. परंतु अरुंद जागी हा कॅमेराच अडकण्याचा धोका असतो. अम्लरोधक औषधे जठराचे रक्षण करतात. लहान आतड्यास तसे संरक्षण त्यांपासून मिळत नाही.

पंडुरोग, जेवणानंतर पोटात येणारी कळ व उलटी ही लक्षणे आंत्रक्षय व क्रोन रोग यांतही आढळतात. त्यामुळे रुग्ण कोणत्या गोळ्या किती काळ घेत आहे, ही चौकशी निदानात निर्णायक ठरते. वैद्यकीय सल्ल्याने औषध थांबविणे हा पहिला उपचार होय. तयार झालेली पटले मात्र त्याने नाहीशी होत नाहीत. ती फुग्याने रुंदावावी लागतात किंवा आतड्याचा तेवढा भाग कापून काढावा लागतो.