कण्हेर: विष की औषध?

कण्हेरीचं झाड तुम्ही अंगणात किंवा हायवेच्या दुभाजकावर नक्की पाहिलं असेल. त्यात ओलिअँड्रिन नावाचं विष असतं. युरोपातल्या फॉक्सग्लव्ह या फुलझाडातही तशीच द्रव्यं असतात आणि त्यांतूनच डिजॉक्सिन हे हृदयाचं औषध मिळालं.

हे काम कसं करतं? हृदयाच्या पेशींत सोडियम बाहेर टाकणारा एक 'पंप' असतो. ही द्रव्यं तो अडवतात. मग पेशीत कॅल्शियम वाढतं आणि ठोका जोरात पडतो. पण मात्रा थोडी जास्त झाली, की ठोक्यांची लय बिघडते आणि जीवही जाऊ शकतो.

इंग्लंडचे डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये फॉक्सग्लव्हवर पुस्तक लिहिलं, तेव्हाही खरा प्रश्न मात्रेचाच होता. आज डिजॉक्सिनची नेहमीची गोळी जेमतेम ०.२५ मिलिग्रॅमची असते. कण्हेरीच्या एका पानात किती विष आहे, हे मात्र घरी मोजता येत नाही.

म्हणून 'नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही' असं सांगणारी रील आली, तर फॉरवर्ड करू नका. कुणाच्या पोटात कण्हेर गेलीच, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ ला फोन करा.